‘प्रारंभी शब्द होता’ : योहानाची पहिली अठरा वचने कशी वाचावीत

योहानाचे शुभवर्तमान, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चार चरित्रांपैकी एक, पहिल्यांदा हातात घेणारा माणूस बहुधा पहिल्याच ओळीला अडखळतो. ‘प्रारंभी शब्द होता, आणि शब्द देवासह होता, आणि शब्द देव होता.’ मत्तय वंशावळीपासून सुरुवात करतो, लूककडे गव्हाणी आणि मेंढपाळ आहेत, मार्क थेट यार्देन नदीकाठी नेऊन उभा करतो. योहान मात्र ना गाव सांगतो, ना आईबाप.

आमच्या बायबल अभ्यासाच्या बैठकीत एक आजी यायच्या. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी विचारले, “शब्द होता ते कळलं. पण बोललं कोण, आणि कुणाला?” मी ग्रीक तत्त्वज्ञानावर चार पाने टिपणे काढून आणली होती. त्या चार पानांत या प्रश्नाचे उत्तर नव्हते. तेव्हापासून या उताऱ्याकडे जायची माझी वाट बदलली. ती इथे पायरी-पायरीने मांडतो आहे. वाचणारा ख्रिस्ती असलाच पाहिजे असे नाही. रोज अर्धा तास दिला, तर आठ-दहा दिवसांत सगळ्या पायऱ्या होतील.

पायरी १ : जमवाजमव

बायबल, वही आणि दोन रंगांच्या पेन्सिली. शक्यतो मराठी भाषांतरे दोन घ्या. बायबल सोसायटी ऑफ इंडियाचे प्रचलित भाषांतर बहुतेकांकडे असते, फोनवरही मिळते. जोडीला फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ किंवा पंडिता रमाबाईंचे भाषांतर असेल तर उत्तम. रमाबाई त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. १९२२ साली त्या गेल्या, आणि संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर आला. दोन भाषांतरे अशासाठी, की जिथे ती एकमेकांपासून वेगळी होतात तिथे मुळात काहीतरी गाठ आहे, हे ग्रीक न येताही कळते.

‘योहान १:१४’ म्हणजे पहिला अध्याय, चौदावे वचन. हे आकडे मूळ लेखकाचे नव्हेत. अध्याय तेराव्या शतकात पडले आणि नव्या कराराची, म्हणजे बायबलच्या येशूपासून पुढच्या भागाची, वचने १५५१ साली रोबेर एस्तिएन या छापखानेवाल्याने आकडे घालून छापली. त्यामुळे आकडा आला म्हणून वाक्य संपले असे समजू नका. जुन्या हस्तलिखितांत तर विरामचिन्हेही नावापुरतीच होती. तिसऱ्या वचनाचा पूर्णविराम नेमका कुठे द्यायचा, यावर आजही दोन मते आहेत.

आणखी एक. सहाव्या वचनात ‘योहान’ नावाचा माणूस येतो. तो हे पुस्तक ज्याच्या नावावर आहे तो योहान नव्हे. तो बाप्तिस्मा देणारा योहान. इथे पहिल्या दिवशी निम्मे लोक चुकतात.

पायरी २ : ‘होता’ आणि ‘झाला’ रंगवा

अर्थ शोधायच्या आधी अठराही वचने मोठ्याने वाचा. दोनदा वाचा. हा उतारा कानासाठीच रचलेला आहे. एका वाक्याचा शेवटचा शब्द पुढच्या वाक्याच्या तोंडी येतो आणि साखळी बनत जाते. कॅथलिक उपासनेत, म्हणजे जुन्या लॅटिन मिस्सेच्या शेवटी तो रोज वाचला जाई, नाताळच्या दिवसाच्या मिस्सेत आजही वाचतात.

मग पेन्सिली घ्या. जिथे ‘होता’ येईल तिथे निळी रेघ, जिथे ‘झाला, झाली, झाले’ येईल तिथे लाल.

निळ्यात येईल: शब्द होता, देवासह होता, देव होता, त्याच्या ठायी जीवन होते, तो जगात होता. लालमध्ये: सर्व काही त्याच्या द्वारे झाले, एक मनुष्य प्रकट झाला, जग त्याच्या द्वारे झाले. ग्रीकमध्येही ही दोन वेगळी क्रियापदे आहेत, ‘एन’ आणि ‘एगेनेतो’. पहिले नुसते असणे सांगते, दुसरे नव्याने घडणे. आकाश झाले, माणसे झाली, बाप्तिस्मा देणारा योहानही ‘झाला’. शब्द मात्र ‘होता’. मराठीत ही जोडी जशीच्या तशी उतरली आहे, हे आपले भाग्यच म्हणायचे.

तेरा वचनांपर्यंत शब्दाच्या वाट्याला फक्त निळी रेघ येते. चौदाव्या वचनात पहिल्यांदाच शब्दाखाली लाल रेघ ओढावी लागते: ‘शब्द देही झाला.’ इथे थांबा, पण लगेच अर्थ लावू नका. वहीत एवढेच लिहा की जो ‘होता’ तो आता ‘झाला’. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका नोंदीला टेकून आहेत.

पायरी ३ : आधी जुना करार उघडा

माझी चूक इथेच झाली होती. मी ग्रीसला गेलो, जायचे होते जुन्या करारातल्या, म्हणजे बायबलच्या येशूपूर्वीच्या भागातल्या, उत्पत्तीच्या पुस्तकाकडे. ‘प्रारंभी’ हा शब्द योहानाने सहज घातलेला नाही. बायबलच्या पहिल्याच पानावर ‘प्रारंभी देवाने आकाश व पृथ्वी निर्माण केली’ असे आहे, आणि योहानाच्या ऐकणाऱ्यांना ती ओळ पाठ होती. उत्पत्तीचा पहिला अध्याय काढा आणि ‘देव बोलला’ किती वेळा येते ते मोजा. मूळ हिब्रूत दहा वेळा. ‘प्रकाश होवो’ म्हटले आणि प्रकाश झाला. मध्ये हातोडा नाही, चाक नाही, माती कालवणे नाही. बोलणे आणि होणे यांत फटच नाही.

मग आजींच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मिळते. बोलला देव. कुणाला? तेव्हा ऐकणारा कुणीच नव्हता. ऐकणारे त्या बोलण्यातूनच झाले.

हिब्रूत शब्दाला ‘दाबार’ म्हणतात, आणि याच दाबारचा अर्थ गोष्ट, घटना, काम असाही होतो. उच्चार एकीकडे आणि कृती दुसरीकडे अशी वाटणी त्या भाषेत फारशी नाही. हे ऐकायला परके वाटते, पण आपल्याकडे पाहा. ‘त्याने शब्द दिला’, ‘शब्दाला जागला’, ‘शब्दाचा पक्का आहे’, ‘मी तुमच्या शब्दाबाहेर नाही’. यांतला एकही ‘शब्द’ शब्दकोशातला नाही. तो देण्याघेण्याचा आहे, त्याला वजन आहे, आणि तो मोडला तर माणूस मोडतो. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात (३:१९) बाळ शमुवेल मोठा होत गेला त्याविषयी एक ओळ आहे. मूळ हिब्रूत शब्दशः असे आहे की परमेश्वराने त्याचा एकही शब्द जमिनीवर पडू दिला नाही. आपण ‘शब्द खाली पडू दिला नाही’ म्हणतो ते अगदी हेच. तीन हजार कोस दूरच्या भाषेत आपली म्हण भेटावी, याचे मला अजून नवल वाटते.

आता यशयाचा ५५ वा अध्याय, वचने १० आणि ११. पाऊस आणि बर्फ आकाशातून उतरतात, जमीन भिजवतात, पेरणाऱ्याला बी आणि खाणाऱ्याला भाकर देतात आणि मगच माघारी जातात. माझ्या मुखातून निघणारे वचन तसेच, ते रिकामे परत येणार नाही, असे देव म्हणतो. पावसाची वाट पाहणाऱ्या माणसाला यावर टीप लागत नाही. स्तोत्र ३३:६ (परमेश्वराच्या शब्दाने आकाश झाले) आणि नीतिसूत्रे ८:२२-३१ (सृष्टी घडताना देवाजवळ असलेले ज्ञान) हेही वाचून घ्या. नीतिसूत्रातले ज्ञान बाईच्या रूपात बोलते, देवासमोर खेळते, माणसांत रमते. योहानाच्या पहिल्या तीन वचनांवर तिची सावली आहे.

हे सगळे वाचून झाले की योहान १:१ परत वाचा. ‘शब्द’ म्हणजे अक्षरांचा पुंजका, हे आपोआप गळून पडते. घडवणारा, दिलेला, रिकामा परत न येणारा असा काहीतरी ‘शब्द’ उरतो. कोण आहे ते अजून सांगितलेले नाही, सांगायची घाई करू नका.

पायरी ४ : मग ग्रीकांकडे, पण मुक्काम छोटा

योहानाने वापरलेला ग्रीक शब्द ‘लोगोस’. तो फार पोटभरा शब्द आहे. बोल, गोष्ट, कारण, तर्क, हिशेब, सगळे त्यात मावते. मत्तय २५:१९ मध्ये धनी येऊन चाकरांकडून हिशेब घेतो, तो ‘हिशेब’सुद्धा मुळात लोगोसच.

इ.स.पू. ५०० च्या सुमारास एफिसस शहरातल्या हेराक्लायटस या तत्त्वज्ञाने जगाच्या बदलामागची व्यवस्था सांगायला हा शब्द वापरला. स्टोइक पंथाच्या तत्त्वज्ञांनी सगळ्या विश्वात भिनलेली बुद्धी म्हणून तो उचलला. येशूच्याच काळात अलेक्झांड्रियात राहणारा फिलो हा यहुदी विचारवंत देव आणि सृष्टी यांच्यातला दुवा म्हणून लोगोसविषयी भरभरून लिहितो. योहानाचे शुभवर्तमान परंपरेने एफिससशीच जोडले जाते आणि बहुतेक अभ्यासक ते पहिल्या शतकाच्या अखेरीचे मानतात. म्हणजे हा शब्द बाजारात होता, यहुद्यालाही कळत होता आणि ग्रीकालाही. योहानाने दोघांना एकाच दारातून आत घेतले.

पण आत नेऊन जे सांगितले ते दोघांनाही नवे होते. ऑगस्टीन हा जुना ख्रिस्ती विचारवंत आपल्या आत्मकथनाच्या सातव्या भागात याविषयी नेमके बोलतो. प्लेटोपंथीयांच्या पुस्तकांत त्याला शब्द प्रारंभी होता, देवाजवळ होता, हे सगळे वेगळ्या भाषेत सापडले. शब्द देही झाला, हे मात्र तिथे सापडले नाही. म्हणून मी म्हणतो, ग्रीकांकडे जा, चहा घ्या, आणि निघा.

भाषांतरकारांची ओढाताण पाहण्यासारखी आहे. लॅटिनमध्ये शतकानुशतके ‘वेर्बुम’ म्हणजे सुटा शब्द होता. इरॅस्मस या विद्वानाने आपल्या भाषांतराच्या १५१९ च्या आवृत्तीत तिथे ‘सेर्मो’, म्हणजे बोलणे, संभाषण, असे घातले आणि गदारोळ उडाला. चिनी भाषेत १९१९ च्या प्रसिद्ध भाषांतरात ‘ताओ’ आहे, म्हणजे मार्ग. एकोणिसाव्या शतकातल्या संस्कृत नव्या करारात ‘आदौ वाद आसीत्’. हिंदीत ‘वचन’. कोकणीत ‘उतर’, आणि ‘देवाचें उतर’ गोव्याच्या चर्चमध्ये कायम कानावर पडते. मराठीने ‘शब्द’ घेतला. मला तो सगळ्यांत आवडतो, कारण दिलेला शब्द आणि उच्चारलेला शब्द आपल्याकडे एकच आहे. शिवाय तो पुल्लिंगी आहे, पुढे ‘तो’ म्हणताना जीभ अडत नाही. ‘वाणी’ घेतली असती तर चौदाव्या वचनापाशी पंचाईत झाली असती.

पायरी ५ : जिथे भाषांतरे फुटतात तिथे बोट ठेवा

पाचवे वचन: ‘अंधाराने त्याला ग्रासले नाही.’ काही भाषांतरांत ‘अंधाराला तो समजला नाही’ अशा अर्थाचे मिळेल. ही कुणाची चूक नाही. ‘कातेलाबेन’ या ग्रीक क्रियापदाचे पकडणे, ताब्यात घेणे आणि समजून घेणे असे अर्थ होतात, आणि योहानाला असे दुहेरी शब्द आवडतात. आपल्याकडे यासाठी जुना, नेमका शब्द आहे: आकळणे. ज्ञानोबांच्या मराठीत आकळणे म्हणजे कवेत घेणेही आणि उमगणेही. अंधाराला प्रकाश आकळला नाही. मी माझ्या बायबलच्या समासात हेच लिहून ठेवले आहे.

दुसरी जागा पहिल्याच वचनात आहे आणि तिच्यावरून भांडणे झाली आहेत. ‘शब्द देवासह होता’ म्हणताना ग्रीकमध्ये ‘देव’च्या आधी ‘तोन’ हे निश्चयदर्शक उपपद (इंग्रजीतल्या ‘the’सारखे) आहे. ‘शब्द देव होता’ म्हणताना ते नाही. यावरून यहोवाचे साक्षीदार या पंथाने १९५० साली काढलेल्या इंग्रजी नव्या करारात ‘शब्द एक देव होता’ असे केले. दारावर कुणी हा मुद्दा घेऊन आला तर नवख्या माणसाची भंबेरी उडते, म्हणून थोडे सांगतो.

मराठीत असे उपपदच नाही, त्यामुळे फरक आपल्या पानावर दिसत नाही. ग्रीकमध्ये वाक्यातले विधेय नाम (‘शब्द देव होता’मधले ‘देव’) क्रियापदाच्या आधी आले की ते बहुधा उपपदाशिवाय येते. याच अध्यायात नथनेल नावाचा माणूस येशूला म्हणतो, ‘आपण इस्राएलाचे राजे आहात’ (१:४९). तिथेही ‘राजा’ला उपपद नाही, आणि त्याचा अर्थ ‘कुठलातरी एक राजा’ असा कुणी करत नाही. सहाव्या, बाराव्या, तेराव्या आणि अठराव्या वचनांत ‘देव’ हा शब्द उपपदाशिवाय आहे, तिथेही ‘एक देव’ कुणी म्हणत नाही. मग उपपद गाळून योहानाने साधले काय? उपपद घातले असते तर ‘ज्याच्यासह शब्द होता तोच हा’ असे झाले असते आणि ‘सह’ला अर्थ उरला नसता. देवपण तेच, तरी समोरासमोर दोघे, असे काहीतरी सांगायची ही अडचणीची कसरत आहे. निव्वळ व्याकरणाने निकाल लागत नाही हेही खरे. तिसरे वचन आणि पुस्तकाच्या शेवटी थोमा या शिष्याचे येशूला उद्देशून ‘माझा प्रभू व माझा देव’ (२०:२८) हे सोबत वाचावे लागते. तिथे उपपदही आहे.

चौथ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या एरियस नावाच्या धर्मगुरूने म्हटले की पुत्र, म्हणजे येशू, हाच शब्द, नव्हता असा काळ होता. तुमची वही काढा. एरियस म्हणत होता की निळ्या रेघेच्या जागी लाल हवी, शब्दही कधीतरी ‘झाला’. ३२५ साली नायसिया इथे भरलेल्या धर्माध्यक्षांच्या परिषदेने ते फेटाळले, आणि ‘जन्मलेला, निर्माण केलेला नव्हे’ हे शब्द श्रद्धाप्रकटनात आले. सभामंडपातल्या एवढ्या मोठ्या वादाचे मूळ एका ‘होता’त होते.

पायरी ६ : चौदाव्या वचनापाशी मुक्काम

‘शब्द देही झाला आणि त्याने आमच्यामध्ये वस्ती केली.’ एक पूर्ण संध्याकाळ या ओळीला द्या. वसईत आणि गोव्यात सकाळ, दुपार, संध्याकाळ चर्चची घंटा होते तेव्हा म्हणायच्या प्रार्थनेत ही ओळ आहे, आणि तिच्यापाशी मान लववायची किंवा गुडघा टेकायची जुनी रीत आहे.

‘देही’ हा शब्द गोड आहे, पण मराठी वाचकाला तो फसवू शकतो. गीतेत देही म्हणजे देहात राहणारा, जुनी वस्त्रे टाकून नवी घ्यावीत तसे देह बदलणारा. तो अर्थ डोक्यात ठेवून वाचले तर वाटते, शब्दाने अंगावर देह पांघरला आणि काम झाल्यावर उतरवून ठेवला. ग्रीक शब्द ‘सार्क्स’ आहे, म्हणजे मांस. थकणारे, भुकेजणारे, कुजणारे. योहान पुढे हे दाखवतच जातो. येशू प्रवासाने थकून विहिरीवर बसतो (४:६), मित्राच्या थडग्यापाशी रडतो (११:३५), क्रुसावर ‘मला तहान लागली आहे’ म्हणतो (१९:२८). सुरुवातीच्याच काळात असे म्हणणारे लोक होते की देह होता तो निव्वळ भास होता. त्यांना लाल रेघ सोसवत नव्हती. ‘झाला’ऐवजी त्यांना ‘भासला’ हवे होते. योहानाच्या पहिल्या पत्रात (४:२) येशू ख्रिस्त देहाने आला हे कबूल करण्यावर एवढा जोर आहे तो त्यामुळेच.

आता यशया ४०:६-८ काढा. सगळे देहधारी म्हणजे गवत, गवत सुकते, फूल कोमेजते, पण आमच्या देवाचे वचन सर्वकाळ राहते. इथे देह आणि वचन ही दोन टोके आहेत, एक सुकणारे आणि एक टिकणारे. योहानाने ही दोन टोके एका छोट्या वाक्यात एकमेकांना जोडली: टिकणारा सुकणारे झाला. ऐकणाऱ्या यहुद्याच्या अंगावर काटा आला असेल.

‘वस्ती केली’ हेही सरळ शब्द नाहीत. ग्रीक ‘एस्केनोसेन’ म्हणजे तंबू ठोकला. आपल्याकडे पाल ठोकणे म्हणतात ते. वारीचा तळ पडलेला पाहिला असेल तर चित्र डोळ्यांपुढे येईल: ज्यांच्याबरोबर चालायचे त्यांच्यातच उतरायचे. निर्गमच्या पुस्तकात इस्राएल लोक रानात असताना देवासाठी कापडाचा निवासमंडप उभारतात, आणि तो पुरा झाल्यावर परमेश्वराच्या तेजाने भरून जातो (४०:३४). हिब्रूत त्याला ‘मिश्कान’ म्हणतात. त्यातली श, क, न ही व्यंजने आणि ग्रीक ‘स्केने’तली स, क, न कानाला जवळची लागतात. पुढचेच शब्द आहेत ‘आम्ही त्याचे गौरव पाहिले’. मंडप आणि तेज ही जोडी योहानाने रानातून उचलून आणली आहे.

पायरी ७ : आपल्या घरचे पडसाद

‘शब्द देव होता’ वाचून मराठी माणसाला तुकोबा आठवणारच. ‘तुका म्हणे पाहा शब्दचि हा देव । शब्देंचि गौरव पूजा करूं ॥’ शब्द, देव आणि गौरव, तिन्ही एका ठिकाणी. ज्ञानेश्वरीच्या आरंभीचे ‘हें शब्दब्रह्म अशेष’ही मागे असतेच. आठवू द्या. घरच्या ओळखीच्या सुरांवाचून परकी गोष्ट कानात शिरत नाही.

फक्त ‘म्हणजे तेच की!’ असे म्हणून पान उलटू नका. तुकोबांच्या अभंगात शब्द हे कवीच्या हातातले रत्न आहे, शस्त्र आहे, जनांत वाटायचे धन आहे. शब्दब्रह्मात सगळी वाणीच ब्रह्मरूप आहे. योहानाच्या पानावर शब्द एका विशिष्ट माणसावर येऊन थांबतो, नासरेथचा, ज्याचे नाव सतराव्या वचनापर्यंत घेतलेलेही नाही. साम्य वहीच्या एका बाजूला लिहा, फरक दुसऱ्या बाजूला. माझ्या अनुभवात फरकाचे पान भरताना साम्यही जास्त नीट दिसते.

पायरी ८ : दुसरीकडे ‘शब्द’ आला तर

योहानाच्या शुभवर्तमानात लोगोस सुमारे ४० वेळा येतो, पण येशूची पदवी म्हणून चौदाव्या वचनानंतर एकदाही नाही. बाकी ठिकाणी तो साधे बोलणे किंवा शिकवण असतो. मराठीत तिथे बहुधा ‘वचन’ किंवा ‘म्हणणे’ येते, त्यामुळे मूळ शब्द एकच आहे हे दिसतही नाही. म्हणून कुठेही देवाचे वचन किंवा शब्द भेटला की विचारा: इथे व्यक्ती आहे, संदेश आहे, की लिहिलेले शास्त्र? प्रकटीकरण १९:१३ मध्ये ‘देवाचा शब्द’ हे स्वाराचे नाव आहे, तिथे व्यक्ती. प्रेषितांची कृत्ये ६:७ मध्ये वचनाचा प्रसार झाला, तिथे संदेश. इब्री ४:१२ मधले दुधारी तलवारीपेक्षा तीक्ष्ण वचन थोडे वादाचे, तिथे सावकाश. ‘प्रारंभी शब्द होता’चा अर्थ ‘प्रारंभी बायबल होते’ असा लावणारे मी ऐकले आहेत. चौदाव्या वचनात पुस्तक देही झाले असे लिहिलेले नाही.

उपदेशांत एक सूत्र फार फिरते: ‘लोगोस’ म्हणजे लिहिलेले वचन आणि ‘रेमा’ (शब्दासाठीचा दुसरा ग्रीक शब्द) म्हणजे देव तुमच्याशी आत्ता बोलतो ते. ऐकायला छान आहे. पण पेत्राचे पहिले पत्र, १:२३ ते २५ पाहा. तेविसाव्या वचनात लोगोस आहे, पंचविसाव्यात रेमा, आणि गोष्ट एकच. सूत्र सोडून द्या.

पायरी ९ : अठरावे वचन, आणि पुढे

देवाला कोणी कधीही पाहिले नाही, जो पित्याच्या उराशी आहे त्याने त्याला प्रकट केले, असे अठराव्या वचनात येते. इथेही हस्तलिखिते फुटतात, जुन्यांपैकी काहींत ‘एकुलता एक पुत्र’ आहे, काहींत ‘एकुलता एक देव’. मला जास्त ओढ आहे ती शेवटच्या क्रियापदाची. ‘एक्सेगेसातो’, उलगडून सांगितले. अभ्यासक बायबलच्या अर्थ लावण्याला जो युरोपीय शब्द वापरतात तो याच धातूतला. कीर्तनात पूर्वरंगात अभंग घेऊन बुवा निरूपण करतात ना, तसे. म्हणजे इतके दिवस आपण शब्दाचे निरूपण करत बसलो होतो, आणि उतारा संपताना कळते की निरूपणकार तोच आहे.

तेव्हा प्रस्तावना संपली की पुस्तक मिटू नका. त्याच बैठकीत वचने ३५ ते ३९ वाचा. प्रारंभी होता त्या शब्दाने या पुस्तकात उच्चारलेले पहिले शब्द तिथे आहेत. दोन माणसे त्याच्या मागून चालत येतात, तो वळून पाहतो आणि विचारतो, “तुम्ही काय शोधता?” त्यांना धड उत्तर सुचत नाही. ते विचारतात, “गुरुजी, आपण कोठे राहता?” तो म्हणतो, या म्हणजे पाहाल. ते गेले आणि तो दिवस त्याच्याकडेच राहिले. तेव्हा सुमारे दहावा तास होता, आपल्या घड्याळात दुपारचे चार.